ब्रिटिश मोटर टॉर्पेडो बोटींवरील रडार कसे ओळखावे : नवख्यांसाठी मार्गदर्शन

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश मोटर टॉर्पेडो बोटीचे छायाचित्र हाती आले की नवख्या अभ्यासकाची नजर आधी पाणतीरांच्या (टॉर्पेडोंच्या) नळ्यांवर आणि तोफांवर जाते. डोलकाठीच्या टोकाशी असलेल्या काही सळया, एखादा घुमट किंवा चपटा डबा त्याच्या नजरेतून बहुधा निसटतो, आणि दिसलाच तरी ‘वायरलेसचे काहीतरी असावे’ असे म्हणून तो पुढे जातो. वास्तविक हाच भाग सर्वांत अधिक सांगून जातो. बोटीचे छायाचित्र साधारण केव्हाचे, बोट कोणत्या समुद्रात लढत होती, अंधारात तिच्या कप्तानाला किती दिसत होते, हे सारे त्या टोकावरून बरेचसे उलगडते. ज्यांना जुनी छायाचित्रे लावायची आहेत, बोटींच्या प्रतिकृती करायच्या आहेत किंवा या लढायांचा इतिहास डोळसपणे वाचायचा आहे, अशा वाचकांसाठी ही ओळख-पद्धत येथे क्रमाने मांडली आहे.

एक गोष्ट आरंभीच सांगणे आवश्यक आहे. नवखे लोक थेट यंत्राचा टाइप-क्रमांक शोधू लागतात आणि तेथेच फसतात. आधी तरंगलांबी ठरवावी, मग यंत्राचे कुटुंब ठरवावे आणि टाइप-क्रमांक शेवटी, तोही पुरावा असेल तरच लिहावा. कारण अँटेनाचा आकार हा नौदलाच्या मर्जीने ठरत नाही, तो तरंगलांबीने ठरतो, आणि तरंगलांबी छायाचित्रावरून मोजता येते.

तीन कुटुंबे

या बोटींवर प्रामुख्याने तीन प्रकारची यंत्रे आढळतात.

पहिले कुटुंब सुमारे दीड मीटर तरंगलांबीचे. यात टाइप २८६ आणि त्यानंतर १९४२ पासून आलेला टाइप २९१ ही यंत्रे येतात. दोन्ही सुमारे २१४ मेगाहर्ट्झवर चालत, म्हणजे तरंगलांबी १.४ मीटर. टाइप २८६ हे मुळात नौदलाचे यंत्रच नव्हे. रॉयल एअर फोर्सने विमानातून जहाजे शोधण्यासाठी जे रडार तयार केले होते, तेच १९४० मध्ये घाईघाईने लहान युद्धनौकांसाठी जुळवून घेण्यात आले. त्याचा आरंभीचा अँटेना डोलकाठीवर घट्ट बसवलेला असे आणि तो समोरच्याच बाजूला पाहत असे. इतर दिशा तपासायच्या तर अख्खी नौका वळवावी लागे. एवढ्या मर्यादा असूनही १७ मार्च १९४१ च्या पहाटे ‘व्हॅनॉक’ या विनाशिकेने याच यंत्रावर यू-१०० ही जर्मन पाणबुडी पृष्ठभागावर टिपली आणि तिला धडक देऊन बुडवले. पुढे फिरवता येणारा अँटेना आला आणि त्या रूपाला २८६पी म्हटले जाऊ लागले. ब्रिटिश नौदलाच्या किनारी दलाच्या, म्हणजे अशा लहान लढाऊ बोटींच्या शाखेच्या, बोटींसाठीच्या रूपांना ‘यू’ हे अक्षर जोडले जाई, म्हणून जुन्या कागदांत २८६पीयू आणि २९१यू अशी नावे आढळतात. २९१ चे प्रक्षेपण २८६ पेक्षा कितीतरी अधिक शक्तीचे होते, मात्र तरंगलांबी तीच राहिल्याने लहान बोटींवर बाहेरून दिसणारे रूप त्याच घराण्यातले राहिले.

दुसरे कुटुंब १० सेंटिमीटरचे. टॉर्पेडो बोटींच्या बाबतीत याचा अर्थ बहुतेक वेळा अमेरिकी एसओ मालिकेचे रडार असा घ्यावा. ब्रिटिशांचे १० सेंटिमीटरचे प्रसिद्ध यंत्र टाइप २७१ हे कॉर्व्हेट या लहान संरक्षक युद्धनौकांवर १९४१ पासून बसू लागले, पण त्याची कंदिलासारखी अवजड कोठी टॉर्पेडो बोटीच्या हलक्या लाकडी सांगाड्याला पेलणारी नव्हती.

तिसरे कुटुंब ३ सेंटिमीटरचे. टाइप २६८ हे ते यंत्र. कॅनडात तयार झालेले हे रडार युद्धाच्या अखेरच्या टप्प्यात लहान नौकांपर्यंत पोहोचले.

या तीन तरंगलांबींमधील अंतर किती मोठे आहे, हे एका साध्या हिशेबाने कळते. रडारच्या किरणाची रुंदी अंशांत काढायची तर तरंगलांबीला अँटेनाच्या रुंदीने भागून साधारण ७० ने गुणावे. १.४ मीटर तरंगलांबीवर १० अंशांचा किरण हवा असेल, तर जवळजवळ १० मीटर रुंदीचा अँटेना लागेल. सुमारे २२ मीटर लांबीच्या बोटीवर तो बसवणे अशक्यच होते. त्यामुळे पहिल्या कुटुंबातील यंत्रांचा किरण पसरट राहिला, किनाऱ्याजवळ जमिनीचे प्रतिध्वनी पडदा भरून टाकत आणि शत्रूची बोट त्यात हरवून जाई. ३ सेंटिमीटरवर मात्र जेमतेम पाऊण मीटर रुंदीच्या अँटेनाने तीन अंशांच्या आतला किरण मिळतो. शिवाय लांब तरंगांची एक निराळी अडचण अशी की, पाण्यावरून परावर्तित झालेला तरंग आणि थेट गेलेला तरंग पृष्ठभागालगत एकमेकांना मारतात, आणि टॉर्पेडो बोटीसारखी ठेंगणी वस्तू नेमकी त्याच पट्ट्यात असते. हा हिशेब डोक्यात पक्का असला म्हणजे छायाचित्रात काय शोधायचे आहे ते आपोआप स्पष्ट होते : लांब सळया दिसल्या तर पहिले कुटुंब, सळया नाहीत, पण डोलकाठीवर एखादी बंद किंवा चपटी वस्तू आहे, तर दुसरे अथवा तिसरे.

पहिली पायरी : बोट आणि काळ निश्चित करणे

रडारकडे वळण्यापूर्वी बोट कोणती हे पाहावे. व्हॉस्पर कंपनीच्या बोटी साधारण ७० ते ७३ फुटांच्या, ब्रिटिश पॉवर बोट कंपनीच्या ७१ फूट ६ इंचांच्या, तर फेअरमाइल डी वर्गाच्या बोटी तब्बल ११५ फुटांच्या आणि चार इंजिनांच्या होत्या. खलाशी या मोठ्या बोटींना ‘डॉग बोट’ म्हणत. फेअरमाइल डी बोटींचा पूल (जेथून कप्तान बोट चालवतो तो मंच) उंच आणि डोलकाठी भक्कम असल्याने अँटेना चांगला दिसतो, म्हणून नवख्याने सराव याच बोटींच्या छायाचित्रांवर करावा, असे मी सुचवेन.

क्रमांकाच्या बाबतीत सावध राहावे. १९४३ च्या शरद ऋतूत अनेक मोटर गन बोटींना (एमजीबी) पाणतीर मिळाले आणि त्या मोटर टॉर्पेडो बोटी (एमटीबी) म्हणून नव्याने नोंदल्या गेल्या. एमजीबी ८१ हीच बोट पुढे एमटीबी ४१६ झाली. एकाच बोटीची दोन क्रमांकांखालील छायाचित्रे दोन वेगळ्या बोटींची समजली गेली, तर रडारच्या बदलाचा सगळा क्रमच चुकतो. उलट, एकाच बोटीची दोन्ही नावांची छायाचित्रे शेजारी ठेवली, तर तिच्या डोलकाठीवर काय बदलले हे सहज दिसते. क्रमांकबदलाने दिलेली ही आयती संधी सोडू नये.

काळाच्या दोन्ही टोकांना कुंपण घालून ठेवावे. १९३७ सालची एमटीबी १०२ ही बोट मे-जून १९४० मध्ये डंकर्कच्या सुटकेत होती. त्या वेळी टॉर्पेडो बोटींवर रडार नव्हते. तेव्हा ‘१९४०’ असे लिहिलेल्या चित्रात डोलकाठीवर रडारचा अँटेना स्पष्ट दिसत असेल, तर अँटेनावर नव्हे, तारखेवर शंका घ्यावी. दुसऱ्या टोकाला, युद्धानंतर उरलेल्या बोटींना ‘फास्ट पेट्रोल बोट’ अशी नवी वर्गवारी मिळाली, त्यांना नवे क्रमांक दिले गेले आणि पन्नाशीच्या दशकात व्यापारी जहाजांवर असतात तशी फिरत्या आडव्या पट्टीची रडारे त्यांच्यावर आली. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, क्रमांकापूर्वी ‘पी’ हे अक्षर दिसले, तर ते चित्र युद्धकाळातील नाही असे धरून चालावे.

दुसरी पायरी : डोलकाठीवरील गर्दी वेगळी करणे

टॉर्पेडो बोटीची डोलकाठी आखूड, आणि तिच्यावर पुष्कळ गोष्टी एकत्र. वायरलेसच्या तारा डोलकाठीपासून नाळेकडे किंवा मागच्या भागाकडे ताणलेल्या असतात. त्या रेषा चित्रात सळयांसारख्या भासतात, परंतु त्यांना निश्चित शेवट नसतो, त्या खाली उतरत जातात. बोलण्याच्या रेडिओची सरळ उभी काठी एकटीच उभी असते आणि वर निमुळती होत जाते. आडव्या दांडीवरून सिग्नलची निशाणे चढवण्याच्या दोऱ्या लोंबतात. हे सारे आधी ओळखून बाजूला काढावे. कागदावर डोलकाठीचे रेखाटन करून एकेक वस्तू खोडत गेल्यास काम सोपे होते.

खरी गफलत होते ती मित्र-शत्रू ओळख यंत्राच्या अँटेनाबद्दल. टाइप २५३ हे असे यंत्र होते. मित्राच्या रडारने विचारणा केली की ते उत्तरादाखल संकेत पाठवी, आणि विचारणाऱ्याला पडद्यावर आपलीच बोट असल्याचे कळे. ते १५७ ते १८७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करी. या पट्ट्यातील अर्ध्या तरंगाची लांबी ८० ते ९५ सेंटिमीटर येते, म्हणजे रडारच्या सळयांच्या मापाच्या जवळपासच. केवळ लांबीवरून निर्णय घेतला तर येथे हमखास चूक होते. फरक रचनेत शोधावा. मित्राची विचारणा कोणत्याही दिशेने येऊ शकते, म्हणून ओळख यंत्राच्या सळयांना सर्व दिशांना सारखेच ‘बोलावे’ लागते. त्यांच्यामागे तरंग पुढे परतवणारा परावर्तक नसतो, त्या फिरत नाहीत आणि सहसा सुट्या उभ्या असतात. रडारला याच्या नेमके उलटे हवे असते : सगळी शक्ती एकाच दिशेला. त्यामुळे रडारच्या सळया एकमेकींना समांतर, ठरावीक अंतराने, ओळीने किंवा चौकटीत मांडलेल्या दिसतात.

तिसरी पायरी : सळया मोजणे

या पायरीवर घाई करू नये, कारण साऱ्या ओळखीचा कणा हीच आहे.

१.४ मीटर तरंगलांबीचा अर्धा भाग ७० सेंटिमीटर. डायपोल, म्हणजे प्रत्यक्ष प्रक्षेपण करणारी सळई, साधारण एवढ्याच लांबीची असते. तेव्हा चित्रातील सळई खरोखर ७० सेंटिमीटरच्या आसपास आहे काय, हे ठरवायचे. त्यासाठी चित्रात ज्ञात मापाची एखादी वस्तू लागते. पुलावर, डोलकाठीच्या शेजारी सरळ उभा असलेला खलाशी हा पहिला पर्याय. २० मिलिमीटरची ओर्लिकॉन तोफ हा अधिक चांगला पर्याय, कारण तिची एकूण लांबी सुमारे २.२ मीटर ठरलेली आहे. पण ती चित्राच्या प्रतलाला समांतर, आडवी वळलेली असली पाहिजे. तोफ कॅमेऱ्याकडे तोंड करून असेल, तर तिचा उपयोग नाही.

समजा, एका चांगल्या स्कॅनमध्ये टोपी घातलेला खलाशी २७० ठिपके (पिक्सेल) उंच भरतो. त्याची उंची टोपीसह १८० सेंटिमीटर धरली, तर एका सेंटिमीटरला दीड ठिपका पडतो. मग ७० सेंटिमीटरची सळई १०५ ठिपक्यांची असायला हवी. मोजल्यावर ती ९५ ते ११० ठिपक्यांच्या दरम्यान आली, तर पहिले कुटुंब असल्याचा निष्कर्ष चांगलाच बळकट होतो. ती ५० ठिपके भरली तर दोन शक्यता उरतात : एक तर सळई तिरपी आहे आणि आपल्याला तिची सावलीएवढीच लांबी दिसते आहे, किंवा ती रडारची सळईच नाही. हे ठरवण्यासाठी शेजारच्या सळया पाहाव्यात. सगळ्याच सारख्या प्रमाणात आखूड दिसत असतील, तर अँटेना वळलेला आहे. एकच आखूड असेल, तर ती वस्तू वेगळी आहे.

खलाशी आणि डोलकाठी कॅमेऱ्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असले पाहिजेत, हेही ध्यानात ठेवावे. नाळेवरच्या माणसाच्या मापाने डोलकाठीचे टोक मोजणे ही नवख्यांच्या हातून वरचेवर घडणारी चूक आहे. बोट आडवी दिसत असेल तर फारसे बिघडत नाही. ती समोरून येताना टिपलेली असेल, तर मोजमापाच्या भानगडीत पडू नये, केवळ रचना पाहावी.

रचनेवरून आणखी एक गोष्ट कळते. टीव्हीच्या जुन्या अँटेनामुळे आपल्या परिचयाची असलेली यागी मांडणी लहान बोटींवर वापरली गेली. तीत एका आडव्या दांड्यावर अनेक समांतर सळया असतात. सर्वांत मागची सळई परावर्तकाची, ती डायपोलपेक्षा किंचित लांब. पुढच्या सळया दिशादर्शक, त्या किंचित आखूड. हा फरक काही टक्क्यांचाच असतो, तरी चांगल्या प्रतीच्या चित्रात तो नजरेला पडतो. लांब सळईकडून आखूड सळयांकडे जी दिशा, त्याच दिशेला रडार पाहत होते. म्हणजे एका स्थिर चित्रावरून, त्या क्षणी अँटेना कोणत्या बाजूला वळलेला होता हेदेखील सांगता येते.

चौथी पायरी : स्थिर की फिरता

एकाच बोटीची किंवा एकाच ताफ्यातील बोटींची शक्य तितकी चित्रे गोळा करावीत. प्रत्येक चित्रात अँटेना नाळेच्याच दिशेला असेल, तर तो स्थिर असण्याची शक्यता मोठी. एका चित्रात जरी तो आडवा किंवा मागे वळलेला सापडला, तर तो फिरता आहे हे सिद्ध झाले. येथे एक चित्र पुरते. बंदरात ओळीने बांधलेल्या बोटींचे चित्र या कामी फार उपयोगी पडते, कारण शेजारशेजारच्या बोटींवरील अँटेना वेगवेगळ्या दिशांना तोंड करून असतील, तर आणखी काही शोधण्याची गरजच उरत नाही.

फिरत्या अँटेनाचा आस डोलकाठीतून किंवा तिच्या बाजूने खाली उतरतो आणि पुलाखालच्या लहानशा कोठीत बसलेला चालक तो हाताने फिरवतो. पहिल्या कुटुंबातील यंत्रांवर नकाशासारखे चित्र उमटत नसे. पडद्यावर एक उजळ रेषा आणि प्रतिध्वनी आला की तिच्यावर एक उंचवटा, एवढेच. त्या उंचवट्याच्या जागेवरून अंतर कळे. दिशा काढायची तर अँटेना हळूहळू फिरवून उंचवटा कोठे सर्वांत मोठा होतो ते पाहावे लागे. ताशी चाळीस मैल वेगाने आदळत-आपटत जाणाऱ्या बोटीत, अंधारात, हे काम करणाऱ्या त्या तरुणांविषयी मनात आदर दाटून येतो. शिवाय रडार सुरू ठेवणे म्हणजे आपली जागा उघड करण्याचा धोका पत्करणेही होते, कारण जर्मनांचा मेटॉक्स हा शोधग्राही, म्हणजे शत्रूच्या रडारचे तरंग टिपणारे यंत्र, याच तरंगलांबीच्या पट्ट्यात ऐकू शकत असे. त्यामुळे चांगला अँटेना डोलकाठीवर असला, म्हणजे चकमकीच्या रात्री तो सतत चालूच होता असे समजू नये.

पाचवी पायरी : घुमट आणि चपटे डबे

सळया नसतील, तर पुढचा प्रश्न असा की बोट बांधली कोठे. व्हॉस्परच्या आराखड्यावरून अमेरिकेत, अ‍ॅनापोलिससारख्या ठिकाणच्या यार्डांत, बऱ्याच बोटी बांधल्या गेल्या आणि त्यांपैकी अनेक भूमध्य समुद्रात ब्रिटिश ताफ्यांकडे आल्या. या बोटींवर एसओ रडार आढळते. त्याचा फिरता अँटेना घुमटाकार आवरणाखाली झाकलेला असतो, त्यामुळे बाहेरून फिरणारे काहीच दिसत नाही. त्याचा पडदा नकाशासारखा होता : मध्यभागी आपली बोट आणि भोवती किनारा व इतर नौका. हा फरक लढाईत किती मोलाचा ठरला, ते कॉर्सिकातील बास्तिया येथील तळावरून कळते. १९४४ मध्ये तेथील ब्रिटिश अधिकारी कमांडर रॉबर्ट अ‍ॅलन यांनी शत्रूचे किनारी काफिले शोधण्याचे काम अमेरिकी पीटी बोटींकडे (अमेरिकी नौदलाच्या टॉर्पेडो बोटींकडे) सोपवले, कारण त्यांच्याकडे एसओ होते आणि बहुतेक ब्रिटिश बोटींकडे तेव्हाही दीड मीटरचेच यंत्र होते.

टाइप २६८ चा अँटेना मात्र चपटा असतो : वर आणि खाली दोन समांतर पत्रे, आणि मागच्या बाजूला परवलयाच्या आकारात वळवलेली पट्टी. वरून पाहिल्यास तो अर्धचंद्रासारखा, बाजूने पाहिल्यास आडव्या फटीसारखा दिसतो. युद्धाच्या अखेरच्या काळातील ब्रिटनमध्ये बांधलेल्या बोटींवर तो शोधावा. अँटेना आवरणात असेल आणि आतले काही दिसत नसेल, तर बोटीचे मूळ आणि चित्राची तारीख यांवरच निर्णय ठेवावा. आवरणाच्या आकारावरून ओढूनताणून निष्कर्ष काढू नये.

येथे पार्श्वभूमीची एक गफलत सांगून ठेवतो. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या समुद्रात आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर टॉर्पेडो बोटींना बहुधा फ्रिगेट नौकांवरून मार्गदर्शन मिळत असे. फ्रिगेटच्या शक्तिशाली रडारवर शत्रू दिसे, आणि रेडिओवरून बोटींना दिशा व अंतर कळवले जाई. या कामावरच्या कॅप्टन वर्गाच्या फ्रिगेट अमेरिकेत बांधलेल्या होत्या आणि त्यांच्यावर एसएल हे १० सेंटिमीटरचे रडार घुमटाखाली असे. टॉर्पेडो बोट आणि फ्रिगेट एकाच चित्रात आल्या असतील, तर मागच्या नौकेचा घुमट पुढच्या बोटीच्या डोलकाठीवर बसल्यासारखा दिसू शकतो. घुमटाखालची डोलकाठी थेट पायापर्यंत डोळ्याने उतरून पाहिल्याशिवाय तो बोटीच्या नावावर लिहू नये.

सहावी पायरी : सेन्सॉरचा हात ओळखणे

रडार हे गुपित होते. प्रसिद्धीसाठी दिलेल्या युद्धकालीन छायाचित्रांतून अँटेना खरवडून, रंगवून किंवा पुसट करून टाकले जात. म्हणून ‘चित्रात अँटेना नाही, म्हणजे बोटीवर रडार नव्हते’ हा निष्कर्ष कधीही काढू नये. डोलकाठीचे टोक एकाएकी संपलेले दिसते का, टोकाभोवतीचे आकाश बाकीच्या आकाशापेक्षा गुळगुळीत किंवा वेगळ्या छटेचे आहे का, तारा आणि दोऱ्या हवेतच तुटल्यासारख्या वाटतात का, हे मोठे करून पाहावे. त्याच चित्राची वृत्तपत्रात छापलेली प्रत आणि संग्रहालयातील मूळ काचेवरून किंवा फिल्मवरून काढलेली प्रत अशा दोन्ही मिळाल्या, तर नेहमी दुसरीवर भरवसा ठेवावा. लंडनच्या इम्पिरिअल वॉर म्युझियममधील नौदलाच्या अधिकृत चित्रसंग्रहाचे क्रमांक ‘ए’ अक्षराने सुरू होतात आणि त्यांतील पुष्कळ चित्रे घरबसल्या पाहता येतात. पुणे-मुंबईत बसून अभ्यास करणाऱ्याला यासारखी सोय नाही.

जपलेल्या बोटी आणि कागदपत्रे

इंग्लंडमध्ये काही बोटी अजून टिकून आहेत. एमटीबी १०२ आणि एमजीबी ८१ आजही पाण्यावर चालतात, तर गॉस्पोर्ट येथील प्रिडीज हार्डच्या संग्रहालयात एमटीबी ७१ पाहायला मिळते. त्यांच्याकडून बोटीचे प्रमाण, पुलाची अडचणीची जागा आणि डोलकाठीची उंची यांची जाण फार चांगली येते. साधारण ६ मीटर उंचीवरून रडारचे क्षितिज १० किलोमीटरच्या आसपासच राहते, हा आकडा कागदावर वाचण्यापेक्षा त्या पुलावर उभे राहून अधिक पटतो. परंतु रडारचा पुरावा म्हणून या बोटींच्या आजच्या डोलकाठ्या वापरू नयेत. युद्धानंतर अशा बोटी विकल्या गेल्या, त्यांची इंजिने काढली गेली, कित्येकींच्या घरबोटी झाल्या, आणि आज दिसणारी बरीचशी मांडणी पुनर्बांधणीची आहे.

कागदपत्रे धुंडाळताना ‘रडार’ हा एकच शब्द टाकून शोधू नये. ब्रिटिश नौदल १९४३ च्या मध्यापर्यंत या यंत्रांना ‘आरडीएफ’ म्हणत होते, त्यामुळे त्याआधीच्या फायलींत रडार हा शब्द सापडणारच नाही. टाइप-क्रमांकामागची अक्षरे नीट वाचावीत : २८६ च्या बाबतीत ‘एम’ म्हणजे स्थिर अँटेना, ‘पी’ म्हणजे फिरता, ‘यू’ किनारी दलासाठी आणि ‘डब्ल्यू’ पाणबुड्यांसाठी. नौदलाच्या फायली लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एडीएम’ या संकेताखाली आहेत, आणि जहाजांचे आराखडे ग्रीनिच येथील सागरी संग्रहालयाकडे आहेत. आराखडा मिळाला, तर त्यावरची तारीख आधी वाचावी. बांधणीच्या वेळचा आराखडा आणि बोट पूर्ण झाल्यानंतर प्रत्यक्ष स्थिती दाखवणारा आराखडा यांत रडारच्या बाबतीत बराच फरक पडतो.

आपल्याकडच्या अभ्यासकांना या विषयाची एक जवळची वाटही आहे. रॉयल इंडियन नेव्हीच्या फेअरमाइल मोटर लाँच ब्रह्मदेशाच्या अराकान किनाऱ्यावरील खाड्यांतून लढल्या, आणि रडारचे शिक्षण देण्यासाठी या नौदलाची ‘चमक’ ही शाळा कराचीला होती. मोटर लाँच म्हणजे टॉर्पेडो बोट नव्हे, पण डोलकाठी वाचण्याची पद्धत तीच आहे. ज्यांच्या घरी त्या काळातील नौसैनिकांचे अल्बम असतील, त्यांनी ती पाने या नजरेने पुन्हा चाळावीत, आणि चित्रे स्कॅन करताना मागच्या बाजूचा मजकूरही स्कॅन करावा.

नोंद कशी लिहावी

ओळख पटल्यावर नोंद लिहिताना जे दिसले ते आणि जे अनुमानले ते वेगळे ठेवावे. ‘टाइप २९१यू’ असे थेट लिहिण्याऐवजी असे लिहावे : ‘डोलकाठीच्या टोकाला समांतर सळयांचा अँटेना, सळईची मोजलेली लांबी सुमारे ७० सेंटिमीटर, नाळेच्या उजवीकडे वळलेला, म्हणजे फिरता, दीड मीटर कुटुंब. चित्र १९४३ चे असल्याने २८६पीयू किंवा २९१यू.’ मोजमापासाठी कोणती वस्तू धरली तेही लिहावे, म्हणजे पुढच्या माणसाला पडताळा घेता येतो. पुढे एखाद्या फायलीत त्या बोटीवर यंत्र बसवल्याची तारीख मिळाली, तर दोन पर्यायांपैकी एक खोडावा आणि फायलीचा क्रमांक त्याच ओळीत नोंदवावा. आधीचे वाक्य मात्र पुसू नये, कारण तारखेचा उलगडा पुन्हा बदलला, तर मोजमाप तेच राहते आणि काम तेथून पुढे नेता येते.